घागर, चाडं, चाक आणि केळीचं सोपट: जुन्या वस्तूंचे दिवे कसे बांधावेत?

तापीकाठ

राम राम मंडळी. ओसरी आणि दोन खोल्यांसाठी दिवे बांधायचे आहेत. बाजारातली तयार झुंबरं नकोत, हाताशी आहे त्यातूनच करायचं आहे. साहित्य असं:

एक पितळी घागर, तोंड आतून १४ सेंमी. पेरायच्या पाभरीचं लाकडी चाडं (ज्यात दाणे सोडतात ती वाटी), तीन भोकांचं, म्हणजे तिफणीचं. काच नसलेला एक कंदील. बैलगाडीचं बाभळीचं चाक, धाव (वरचा लोखंडी पट्टा) शाबूत, दोन आरे हलतात. शिवाय केळीच्या खांबाचं सोपट (खांबाचे सुटे थर) हवं तेवढं, पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या झाडांचा) ढीग आणि धडगावकडून आलेले थोडे मानवेल बांबू.

बेत असा: घागरीचा टेबल लॅम्प, त्यावर केळीच्या धाग्याची शेड, चाडं ओसरीत टांगायचं, चाक छताला. बल्ब सगळे एलईडी. भोकं कुठं पाडू, वायर कशी नेऊ आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की यातलं काय काय सुटून येईल, हे जाणकारांनी सांगावं.

भंगारवेडा

ड्रिल हातात घ्यायच्या आधी कशाला हात लावायचा नाही ते ठरवा. तुमच्या यादीतलं सगळं चालेल. पण हा धागा वाचून लोक माळ्यावरचं उतरवायला लागतील, म्हणून लिहितो.

१९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंना लागू होतो. धातू-दगडाच्या जुन्या मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि असा माल परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. मोर, हत्ती किंवा देवीची आकृती असलेली जुनी ओतीव समई किंवा लामणदिवा असेल, तर भोक पाडू नका. वात लावा, दिवा तयारच आहे. घागर, पायली, परात, बंब, चाडं या रोजवापराच्या वस्तू. यांच्यावर काम करायला हरकत नाही.

दुसरं भुसावळचं. तिथल्या भंगारात रेल्वेचे हातदिवे आणि सिग्नलचे दिवे दिसतात. दिसायला देखणे असतात, पण लिलावाची पावती असल्याशिवाय घेऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेचा १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि माल आपल्याकडे रीतसर आला हे आपल्यालाच दाखवावं लागतं.

तिसरं, जुना रंग. रंगवलेले कंदील आणि पत्र्याचे डबे यांच्या जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. कोरडं घासू नका, ग्राइंडर तर मुळीच नको. पाणी मारत ओल्या पॉलिशपेपरने घासा, नाहीतर रंग तसाच ठेवून वर पारदर्शक थर द्या. गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं. ते किरणोत्सारी आहे, त्याची राख फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. आणि रॉकेलच्या टाकीला भोक पाडायचं असेल, तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा आणि काठोकाठ पाणी भरूनच पाडा. वर्षानुवर्षं रिकामी दिसणारी टाकीसुद्धा आतून वाफ धरून असते.

ठोका_पितळ

घागरीबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: माथ्याला भोक पाडायची गरजच नाही. १४ सेंमीचं तोंड आहे, त्याला सागाचा डाट (बूच) बसवा.

२० मिमी जाडीची फळी घ्या. वरचा व्यास १६ सेंमीचा आणि खाली १० मिमी उंचीची पायरी, तिचा व्यास १३.६ सेंमी. जुन्या घागरीचं तोंड कधीच नीट गोल नसतं, म्हणून आधी कागद दाबून छाप घ्या आणि कडेला २ मिमीची फेल्टपट्टी लावा, डाट घट्ट बसतो. मध्यभागी १० मिमी भोक. त्यातून एम-१० आट्याची पोकळ नळी जाते, दुकानात तिला निपल म्हणतात. खालून नट-वॉशर, वरून होल्डर. उद्या दिवा नको वाटला तर डाट काढा, घागर पाण्याला मोकळी.

वायर बाहेर काढायला मात्र एक भोक लागेल. ते मागच्या बाजूला, बुडापासून ३ सेंमी वर. सांध्यावर नको. घागर दोन-तीन तुकडे जोडून घडवलेली असते. सांधा बोटाला लागतो, घासल्यावर वेगळ्या रंगाची रेघही दिसते. तिथे बिट चाललं की सांधा उकलतो.

पितळेला भोक पाडताना बिगडतं ते एकाच कारणाने: नेहमीचं लोखंडाचं बिट पितळेत शिरताच स्वतःला आत ओढून घेतं. पातळ पत्रा फाटतो किंवा घागर हातातून गरकन फिरते. त्यासाठी ३ मिमी बिटाच्या कापणाऱ्या कडा तेलाच्या दगडावर जरा बोथट करा, म्हणजे बिट खरवडत जातं, ओढत नाही. भोकाच्या जागी मास्किंग टेप, त्यावर सेंटर पंचची हलकी खूण, आतून लाकडाचा ठोकळा टेकवलेला. वेग कमी. ३ मिमी पडलं की पुढं स्टेप बिटाने १२.५ मिमीपर्यंत नेता येतं. तेवढ्यात पीजी-७ ग्लँड (वायर घट्ट धरून भोकाच्या धारेपासून वाचवणारी बुशिंग) बसतो. धार गोल कानशीने मारा.

आत धुतलेली, पूर्ण वाळलेली वाळू कापडी पिशवीत शिवून ठेवा, ३ किलो पुरते. वर शेड आली की गुरुत्वमध्य चढतो आणि पोराच्या धक्क्याने दिवा आडवा होतो. सिमेंट ओतू नका. ते परत निघत नाही, ओल धरतं आणि वायर कायमची आत गाडते.

भोक पाडून झाल्यावरच घासा. चिंच-मीठ, मग साधं पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग लगेच कोरडं फडकं आणि ऊन. आंबट मागे राहिलं तर आठवड्यात हिरवा थर येतो.

आणि एक तपासणी सगळ्यात आधी: घागर कुठे ठेवलेली होती? गोठ्याशेजारी किंवा युरियाच्या गोण्यांबरोबर असेल, तर काठ आणि गळा भिंगातून पाहा. अमोनिया आणि ओल मिळाली की ठोकून ताणलेलं पितळ आपोआप बारीक तडकतं. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की अशीच तडकायची. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. तडा दिसला तर तिथून हातभर लांब भोक पाडा. ठोकून सरळ करायच्या भानगडीत तर पडूच नका.

तापीकाठ

घागर माळ्यावरच होती, गोठ्यात नाही. डाटाची कल्पना पटली. एक शंका: बल्ब ४ वॉटचा. एवढ्याशा दिव्याला अर्थिंग लागतंच का? बाजारात कापडी वेष्टनाची पिळाची वायर मिळते, ती दोन कोअरची आहे.

वायरमन_६अ

लागतंच. बल्ब किती वॉटचा याचा इथे संबंध नाही. वायरचं वेष्टण घासून फेज पितळेला टेकला की पूर्ण घागर २३० व्होल्टवर जाते, मग आत ४ चा बल्ब असो की १०० चा. धातूचं अंग आणि २३० व्होल्ट एकत्र आले की तीन कोअर वायर आणि तीन पिनचा प्लग. कापडी वेष्टनाची वायर तीन कोअरमध्येही मिळते, मागून घ्या.

वायर ०.७५ चौ. मिमी, ६ अँपिअरचा प्लग. तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. जुन्या पद्धतीत लाल, काळा, हिरवा. ई-२७ म्हणजे आट्याचा होल्डर असेल तर फेज मधल्या टिकलीला आणि न्यूट्रल आट्याच्या कड्याला. उलटं झालं तर बल्ब लागतो, म्हणून कुणाला कळत नाही. पण बल्ब बदलताना बोट लागतं ते जिवंत कड्याला. तारेतल्या स्विचनेही फेजच तोडला पाहिजे.

अर्थची जोडणी अशी करा. घागरीच्या आत, ग्लँडजवळ ४ मिमीचा पितळी स्क्रू. वायरला रिंग थिंबल (टोकाचं धातूचं कडं) दाबून बसवायचं, खाली दातेरी वॉशर, वर नट. त्या जागेवरची लॅकर किंवा कल्हई खरवडून धातू उघडा करा. आणि ही अर्थची तार फेज-न्यूट्रलपेक्षा ३-४ सेंमी लांब ठेवा. वायर ओढली गेली तर सगळ्यात शेवटी तीच सुटावी. तुमचा डाट लाकडी असल्याने होल्डर घागरीपासून तुटलेला आहे. होल्डर पितळी असेल तर त्यालाही अर्थचा एक फाटा लागेल. बॅकेलाइटचा घेतला तर तो प्रश्न मिटतो.

ग्लँडच्या जागी नुसती गाठ मारणारे बरेच आहेत. गाठ ओढ थांबवते, पण भोकाची धार वायर कापतेच.

प्लग लावायच्या आधी मीटरने प्लगची मोठी पिन ते घागरीचा काठ मोजा, एक ओहमच्या आत हवं. फेज-न्यूट्रल एकत्र धरून घागरीशी ५०० व्होल्टच्या मेगरने (वेष्टणाचा रोध मोजायच्या यंत्राने) मोजलं तर निदान २ मेगओहम यायला हवा. मेगर नसेल तर गल्लीतल्या वायरमनला चहा पाजा.

आता उष्णता. एलईडीत बल्ब क्वचित जातो, जातो तो बुडातला ड्रायव्हर. त्याला गरम हवा मानवत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतली हवाच ४२ च्या पुढे असते. त्यात बल्ब बंद भांड्यात, बूड वर करून टांगला की सगळी ऊब बुडाशी साचते. ९ वॉटचा बल्ब अशा जागी लवकर मरतो. २.५ ते ४ वॉटचा, २७०० केल्विनचा फिलामेंट बल्ब घ्या आणि शेडला वर-खाली दोन्हीकडे वाट ठेवा. हॉट ग्लूने काही चिकटवू नका. उन्हाळ्यात तो मऊ पडतो आणि वायर लोंबकळते.

बाभूळबन

चाड्याबद्दल, कारण यात काहीच बिघडवायचं नाही. चाड्याला भोकं आधीच आहेत. ज्या तीन भोकांतून दाणे नळ्यांत उतरायचे त्यांतूनच तीन वायर सोडा. तोंड वर, बूड खाली, पेरताना असतं तसंच. खाली तीन लहान होल्डर वेगवेगळ्या उंचीवर, समजा ३०, ४५ आणि ६० सेंमी. तिन्ही वायरींचे जोड चाड्याच्या वाटीत छोट्या जंक्शन बॉक्सात. पाभरीची जुनी वेळूची नळी शिल्लक असेल तर वायर तिच्यातून न्या. नळीचं खालचं टोक होल्डरच्या मानेला बरोबर बसतं.

वजन वायरवर देऊ नका. काठाखाली चऱ्हाटाचा फेर, त्याला तीन दोर, वर एक कडी. होल्डर मात्र प्रत्येकी आपापल्या वायरवर लोंबतात, तेवढं चालतं. फक्त भोकाच्या वरच्या अंगाला वायरवर एक कॉर्ड ग्रिप घट्ट करा.

आतल्या बाजूला हात फिरवून बघा. वर्षानुवर्षं दाणा सरकून भोकांच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. पॉलिशपेपर लावू नका, तीच तर त्याची शोभा आहे. मातीचे पोपडे कोरड्या ब्रशने काढा, एक हात जवसाचं उकळलेलं तेल, १५ मिनिटांनी पुसून टाका. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवा, नाहीतर पसरून वाळवा.

सोपट

केळीच्या धाग्याची शेड. आधी माप.

वरची कडी २० सेंमी व्यासाची, खालची ३५ सेंमी, उंची २५. दोन्ही कड्या ३ मिमी जीआय तारेच्या. वरच्या कडीला आतून तीन काड्या आणि मधोमध होल्डरचा छल्ला, ई-२७ ला साधारण ४० मिमी. उभ्या काड्या बांबूच्या, ४ बाय २ मिमी, आणि संख्या विषम, २५. एकाच दोरीने खाली-वर विणत जायचं तर विषमच लागतात. सम झाल्या की दुसऱ्या फेरीत दोरी त्याच काड्यांच्या त्याच बाजूने जाते आणि वीण बसतच नाही.

३ मिमी जाडीचा पिळलेला धागा घेतला तर साधारण ८७ फेऱ्या होतात आणि सरासरी घेर ८६ सेंमी. म्हणजे ७५ मीटर. विणीत लहर खाऊन थोडा जास्त जातो, ८५ मीटर हाताशी ठेवा. फेऱ्या अशा दाबून बसवल्या तर खोलीत उजेड कमी येतो, वर आणि खालीच पडतो. भिंतीवर जाळी हवी असेल तर दोन फेऱ्यांनंतर बोटभर जागा सोडा.

धागा काढायला घड उतरवल्यावर लगेचचा खांब घ्या. सुकत गेलेल्या खांबातून धागा तुटका निघतो. सगळ्यात बाहेरची सोपटं जाड, तपकिरी, बळकट. आतली पांढरी, मऊ, पण ताणाला कमी. शेडला मधली बरी. चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही. धागा सावलीत वाळवा. मेच्या उन्हात टाकला तर कडक होऊन विणताना मोडतो.

विणायच्या आधी आगीचं बघा. १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४५ ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. धागा अर्धा तास बुडवा, न पिळता निथळू द्या. वाळल्यावर एक तुकडा अंगणात काडीने पेटवून पाहा. काडी बाजूला केल्यावर ज्योत विझली पाहिजे. जळत राहिला तर परत बुडवा. पांढरी भुकटी वर आली तर द्रावण दाट झालं, मऊ ब्रशने झटका. याने पावसाळ्यातली बुरशीही आवरते. पण अशी शेड पाण्याने धुता येत नाही, क्षार निघून जातात. धुळीला फक्त ब्रश.

आणि ही प्रक्रिया म्हणजे परवाना नव्हे. बल्ब आणि धागा यांत सगळ्या बाजूंनी ६ सेंमी मोकळे हवेतच.

तापीकाठ

शेडवर लॅकर मारली तर? चमक येईल, धूळही कमी बसेल.

सोपट

नको. एनसी लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, ते स्वतःच भडकतं. आग आवरायचं द्रावण पाजून वर तेच मारायचं, मग द्रावणाचा उपयोग काय?

ठोका_पितळ

पितळेवर मात्र लॅकर चालते, दोन पातळ हात, उघड्यावर. तरी मी मेण लावा म्हणेन. लॅकर एका जागी खरचटली की तिथूनच काळं पडत आत सरकतं आणि मग सगळी काढून परत मारावी लागते. मेण उतरलं तर पुन्हा लावायला दहा मिनिटं.

वायरमन_६अ

मेणाला माझी हरकत नाही, पण अर्थच्या स्क्रूखाली मेण नको.

मोळी

पऱ्हाटीचं कुणी बोललं नाही, म्हणून. पऱ्हाटीच्या सरळ काड्यांची उभी शेड छान दिसते, पण आधी तिच्यावरची एकूणएक बोंडं आणि कवड्या (नीट न उमललेली बोंडं) तोडा आणि जाळून टाका. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते. घरात आणून ठेवलेली पऱ्हाटी पुढच्या हंगामात शेजारच्या शेताला त्रास देते. मग साल ओल्या फडक्याने पुसा, ८ ते १० मिमी जाडीच्या काड्या निवडा.

घुणा काड्यांनाही लागतो आणि बांबूलाही. बोरिक १ भाग, बोरॅक्स १.५ भाग, दोन्ही मिळून पाण्याच्या ५ टक्के. चोवीस तास बुडवून, मग आठवडाभर सावलीत उभं करून वाळवा. फोडलेल्या बांबूत द्रावण झिरपतं. अख्खा बांबू असेल तर आतले पडदे लांब सळईने फोडा, नाहीतर द्रावण बाहेरच राहतं. बांबूच्या काड्यांखाली पिठासारखी पिवळी भुकटी दिसली तर भुंगेरा आधीच आत आहे, त्या काड्या बाजूला काढा. पावसाळ्यानंतर तोडलेला, तीन वर्षांहून जून बांबू असेल तर हा त्रास कमी, कारण कोवळ्यात पिष्ट जास्त असतं. मानवेल जवळजवळ भरीव असतो, काड्यांना उत्तम. अख्ख्या नळीचा दिवा करायचा तर मात्र पोकळ जात बघा.

बाभूळबन

चाकाचं सांगतो, आणि आवडणार नाही. हलणाऱ्या आऱ्यांचं चाक छताला टांगू नका. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धाव सैल होते. गाडीला असताना भारामुळे आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्यात) दाबलेले राहतात. आडवं टांगलं की तो दाब जातो आणि हलणारा आरा सरकून खाली येऊ शकतो.

तरी टांगायचंच असेल तर आधी काट्यावर वजन करा. त्याच्या चौपट भार सोसतील अशाच कड्या, साखळ्या, अँकर निवडा. लोहाराकडून धाव पुन्हा तापवून चढवून घ्या. आयबोल्ट आऱ्याला लावू नयेत. ते बाहेरच्या पाटांतून (चाकाच्या गोल लाकडी कडेतून) आरपार घ्या, १० मिमीचे, वर-खाली रुंद वॉशर आणि लॉकनट. तीन ठिकाणी समान अंतरावर साखळ्या, शिवाय एक वेगळी पोलादी दोरी, दुसऱ्याच अँकरला. पंख्याच्या हुकाला तर मुळीच नाही. धाब्याचं घर असेल तर मातीत काही धरत नाही. लाकडी तुळईला वेढा घालून पट्टी बोल्ट करा, आणि तुळई वाळवीने पोखरली नाही ना हे ठोकून बघा.

त्यापेक्षा चाक ओसरीच्या भिंतीला टेकवून खाली लाकडी पाचर, वर भिंतीला कडी. धावेच्या मागच्या अंगाला १२ व्होल्टची एलईडी पट्टी फिरवा. भिंतीवर आऱ्यांच्या सावल्या पडतात. छतावर टांगलेल्यापेक्षा जास्त शोभतं. काम भारी शे भो, आणि कुणाच्या डोक्यावर काही नाही.

वायरमन_६अ

याला अनुमोदन. कंदिलालाही १२ व्होल्टच करा. ॲडॉप्टर कंदिलाबाहेर, सॉकेटला, कंदिलात फक्त १२ व्होल्टची बारीक वायर. अर्थिंगचा प्रश्न येत नाही, उघड्या ओसरीत पावसाचे शिंतोडे आले तरी जिवावर बेतत नाही. ५ वॉटला १२ व्होल्टवर जेमतेम ०.४ अँपिअर लागतो, त्यामुळे १ अँपिअरचा ॲडॉप्टर भरपूर. वायर वात वर-खाली करायच्या चावीच्या भोकातून न्या, टाकीला भोक नको. चाकाच्या पट्टीचं गणित वेगळं. पट्टीवर मीटरला किती वॉट लिहिलंय ते पाहा, लांबीने गुणा, १२ ने भागा, वर पाव हिस्सा जास्त धरा. चाकाचा घेर ४ मीटर आणि पट्टी ४.८ वॉटची असेल तर १९ वॉट, १.६ अँपिअर, म्हणजे २ अँपिअरचा ॲडॉप्टर.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. चाक भिंतीलाच. घागरीला डाट, अर्थ आणि ३ किलो वाळू. चाडं आहे तसंच. सोपटाचा धागा या आठवड्यात बुडवतो. एक राहिलं: ओसरीतल्या चाड्यात पावसाळ्यात चिलटं आणि पाकोळ्या भरतील, वाटी वरून उघडी आहे.

बाभूळबन

वाटीवर पितळी चाळण उपडी ठेवा. नसेल तर बारीक जाळीचा गोल तुकडा काठाच्या आत दाबून बसवा, खिळे नकोत. बल्ब पिवळट २७०० चेच ठेवा, पांढऱ्या उजेडाला किडे जास्त येतात. आणि जंक्शन बॉक्स वाटीच्या बुडाला टेकवू नका, दोन बोटं वर बांधा. उघड्या वाटीत ओल साचलीच तर ती त्या तीन भोकांतून निथळून जाते, बॉक्सात शिरत नाही.